मोठ्या दुकानात दुर्मिळ इनडोअर रोपं शोधताय? या चुका टाळा

मोठ्या दुकानांमधला रोपांचा विभाग गेल्या काही वर्षांत पार बदलून गेला आहे. पूर्वी तिथे मनीप्लांट, स्नेक प्लांट आणि एखादा पाम, बास. आता त्याच रॅकवर मधूनच पिंक प्रिन्सेस फिलोडेंड्रॉन किंवा थाई कॉन्स्टेलेशन मॉन्स्टेरा दिसतो आणि हौशी माणसाचा पाय तिथेच अडतो. ही रोपं इतक्या संख्येने येतात ती टिश्यू कल्चरमुळे. प्रयोगशाळेत एका रोपाच्या छोट्या तुकड्यापासून हजारो रोपं तयार करता येतात, त्यामुळे एकेकाळी फक्त संग्राहकांच्या देवाणघेवाणीत फिरणारी जात आज ट्रक भरून दुकानात उतरते.

म्हणजे खजिना खरोखर तिथे आहे. पण दुकानासाठी ते रोप म्हणजे इतर मालासारखाच माल. लेबल कुठेतरी दूर, एकदम शेकड्यांनी छापलेलं असतं, आणि पाणी घालणारा माणूस तासाभरापूर्वी दुसऱ्याच विभागात असतो. त्यामुळे रोप कोणतं आहे, त्याची तब्येत कशी आहे आणि घरी ते कसं वाढेल, हे तिन्ही आपल्यालाच बघावं लागतं. बहुतेक चुका होतात त्या लेबल आणि वरची पानं बघून निर्णय घेतल्यामुळे. खरी माहिती खोडात, पानाच्या मागच्या बाजूला आणि मातीखाली असते.

लेबल वाचून खरेदी करणं

‘मॉन्स्टेरा ऑब्लिक्वा’ असं लेबल दिसलं तर आनंदाने उडी मारू नका. खऱ्या ऑब्लिक्वाच्या सर्वांत प्रसिद्ध रूपात पानापेक्षा भोकंच जास्त असतात आणि पान कागदासारखं पातळ असतं. ते फार सावकाश वाढतं आणि असं रॅकवर सापडत नाही. त्या नावाखाली मिळतं ते जवळजवळ नेहमीच मॉन्स्टेरा अडान्सोनी, म्हणजे मॉन्स्टेराचीच दुसरी जात. रोप छानच आहे, पण सहज मिळणारं आहे. ‘मिनी मॉन्स्टेरा’ किंवा ‘फिलोडेंड्रॉन जिनी’ म्हणून विकलं जाणारं रोप तर ना मॉन्स्टेरा असतं ना फिलोडेंड्रॉन. ते राफिडोफोरा टेट्रास्पर्मा, मूळचं थायलंड आणि मलेशियाचं. वेगाने वर चढणारा वेल आहे, त्याला पहिल्या दिवसापासून आधार लागतो. नाव चुकलं की निगाही चुकते, ती अशी.

उलट बाजू जास्त आनंदाची आहे. ‘ट्रॉपिकल फोलिएज’ किंवा ‘असॉर्टेड’ एवढंच लिहिलेल्या ट्रेमध्ये चांगल्या जाती दडलेल्या असतात, कारण बघणाऱ्या बहुतेकांची नजर तिथून सरकून जाते. होया कार्नोसा या वेलाच्या दोन जाती हमखास एकमेकींच्या नावाने विकल्या जातात: पानाच्या कडेला पांढरा रंग असेल तर क्रिम्सन क्वीन, पानाच्या मध्यभागी असेल तर क्रिम्सन प्रिन्सेस. मनीप्लांटमध्ये एन-जॉय आणि पर्ल्स अँड जेड यांचाही असाच घोळ असतो. पर्ल्स अँड जेड ही फ्लोरिडा विद्यापीठात मार्बल क्वीन या मनीप्लांटपासून तयार केलेली जात. तिच्या पांढऱ्या भागात हिरवे-राखाडी ठिपके शिंपडलेले दिसतात, एन-जॉयचा पांढरा भाग बराचसा स्वच्छ असतो. ‘सॅटिन पोथोस’ म्हणून येणारं चंदेरी पानांचं रोप मनीप्लांटच्या कुळातलं असलं तरी वेगळं आहे, ते सिंडॅप्सस पिक्टस. त्यात मोठी पानं आणि चांदीचे मोठाले पट्टे असलेलं एक्झॉटिका दिसलं तर ते आधी हातात घ्या, पानं नंतर मोजा.

दुकानात जाण्याआधी हव्या असलेल्या चार-पाच जातींचे फोटो मोबाइलमध्ये जवळून बघून ठेवावेत: पानाचा देठ, नवीन पानाचं टोक, खोडाचा रंग. नुसतं नाव पाठ करून गेलात तर लेबल जिकडे नेईल तिकडे जाल.

रंगावर भाळणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

गुलाबी पानांची दोन फिलोडेंड्रॉन एकाच रॅकवर येऊ शकतात. पिंक प्रिन्सेसचा गुलाबी रंग रोपाच्या पेशींमध्येच असतो. पिंक काँगोचा रंग मात्र रासायनिक प्रक्रिया करून आणलेला असतो आणि काही महिन्यांत नवी पानं साधी हिरवी येऊ लागतात. ओळख सोपी आहे. पिंक काँगोची वरची पानं सलग, अख्खी गुलाबी असतात आणि खालची अख्खी हिरवी. पिंक प्रिन्सेसमध्ये गडद हिरव्या-तांबूस पानावर गुलाबी शिंतोडे आणि पट्टे असतात, प्रत्येक पान वेगळं.

पिंक प्रिन्सेस सापडलं तरी काम संपलं नाही. कुंडी उचला, डोळ्यांच्या उंचीवर धरा आणि सावकाश फिरवा. सर्वांत नवीन पानापासून खाली खोडावर नजर न्या. गडद खोडावर बारीक गुलाबी रेघ खाली उतरलेली दिसते का? पानाच्या बगलेत, म्हणजे देठ खोडाला जिथे चिकटतो त्या पेरावर, एक छोटा डोळा असतो. तो डोळा रेघेवर किंवा तिच्या कडेला बसला असेल तर तिथून निघणारा फुटवा रंगीत येण्याची शक्यता चांगली. खोड संपूर्ण एकाच गडद रंगाचं असेल आणि शेवटची दोन-तीन पानं रंगाशिवाय आली असतील, तर खालच्या एका सुंदर गुलाबी पानासाठी ते रोप घेऊ नका. आणि शेंड्याची पानं पूर्ण गुलाबी असतील तर तेही सोडा. गुलाबी किंवा पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे असा शेंडा स्वतःचं पोट भरू शकत नाही. माझ्या मते अर्ध्याहून थोडं कमी रंगीत, पण प्रत्येक पानावर थोडा रंग असलेलं रोप हे सर्वांत उत्तम रोप.

मॉन्स्टेरात दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. थाई कॉन्स्टेलेशनवर मलईच्या रंगाचे बारीक ठिपके आणि डाग असतात आणि ते गुण रोपात बऱ्यापैकी टिकून राहतात. अल्बो या दुसऱ्या दुरंगी मॉन्स्टेरावर पांढरेशुभ्र मोठे तुकडे असतात आणि ते बेभरवशाचे, कधी अख्खं पान हिरवं तर कधी अख्खं पांढरं. फिलोडेंड्रॉन बर्किनही मागे वळतं. त्याच्या पांढऱ्या रेघा जाऊन पानं गडद, तांबूस होऊ लागली तर ते आपल्या मूळ जातीकडे, रोहो काँगोकडे, निघालं आहे असं समजा.

आणि एक धोक्याची सूचना. अळूच्या कुळातल्या रोपांना, म्हणजे फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अलोकेशिया या सगळ्यांना, मोझॅक विषाणूचा रोग होतो. त्यात पानावर पिसासारख्या फिकट नक्ष्या उमटतात आणि नवखा माणूस त्याला दुर्मिळ दुरंगी जात समजून उचलतो. फरक असा की रोगी पान आकसलेलं, वेडंवाकडं, सुरकुतलेलं असतं आणि फिकटपणा शिरांच्या आजूबाजूने पसरतो. यावर औषध नाही. मावा कीड आणि न पुसलेली कात्री यांच्यावाटे तो घरातल्या इतर रोपांपर्यंत जाऊ शकतो.

बाकी सजावटीच्या करामती चटकन ओळखता येतात. निळ्या ऑर्किडच्या दांड्यात रंग सोडलेला असतो, पुढचा बहर पांढरा येतो. कॅक्टसवर चिकटवलेली कागदी फुलं, रंग फासलेली पानं, डिंकाने घट्ट केलेले खडे, हे सगळं रोपाला त्रासच देतं. हृदयाच्या आकाराचं एकटं होया केरी पान मात्र खूप लोकांना फसवतं. त्या पानाला पेर नसेल तरी मुळं फुटतात, पान वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण वेल कधीच निघत नाही. वेल हवा असेल तर खोडाचा तुकडा असलेलंच रोप घ्या.

मातीखाली न बघणं

टिश्यू कल्चरची बारकी रोपं शेवाळाच्या किंवा कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) घट्ट गोळीत, कधी जाळीच्या टोपलीत वाढवलेली असतात. कुंडीत लावताना ती गोळी तशीच राहते. मग बाहेरची माती कोरडी झालेली दिसते, आपण पाणी घालतो, आणि आतली गोळी मात्र दिवसेंदिवस ओलीचिंब राहून खोडाचा तळ कुजवते. थाई कॉन्स्टेलेशनच्या बाबतीत मुळं कुजण्याची तक्रार फार ऐकू येते.

दुकानात रोप कुंडीतून उपटू नका. तिच्या तळाच्या भोकांतून बघा: पांढरी किंवा मलईच्या रंगाची टणक मुळं चांगली, तपकिरी आणि लिबलिबीत मुळं वाईट. खोड हलकेच हलवून बघा. रोप मातीत डुगडुगत असेल तर मुळं कमी आहेत. मातीला आंबट, कुजका वास येत असेल तर कितीही सुंदर असलं तरी परत ठेवा. बाहेरच्या शोभेच्या कुंडीला भोक आहे का तेही पाहा. अनेकदा आतल्या कुंडीखाली पाणी साचलेलं असतं.

कीड सोबत घेऊन येणं

पानाची मागची बाजू बघायची सवय लावा. पांढरा टिश्यू पेपर मागच्या बाजूने पुसा. त्यावर तांबूस-तपकिरी ओरखडे उमटले तर लाल कोळी आहे. पानावर चंदेरी चट्टे आणि त्यात काळे बारीक ठिपके दिसले तर ते फुलकिडे. पानाच्या बगलेत कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पान चिकट लागत असेल तर खवले कीड शोधा, ती खोडावर तपकिरी फोडासारखी बसलेली असते.

फुलकिड्यांचं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. त्यांची अंडी पानाच्या आत असतात आणि कोष बहुधा मातीत, त्यामुळे एका फवारणीने काही होत नाही. दर पाच-सात दिवसांनी, कित्येक आठवडे फवारत राहावं लागतं. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपता येतो.

रोप स्वच्छ दिसलं तरी तीन-चार आठवडे ते वेगळ्या खोलीत ठेवा. हे टाळलं की एका कुंडीमुळे सगळा संग्रह धोक्यात येतो.

दुकानात वागताना

आवडलेलं रोप ‘उद्या घेऊ’ म्हणून दुसऱ्या मालामागे लपवू नका. तिथे ना उजेड पोचतो ना पाणी. न विचारता फांदी तोडणं ही चोरीच, आणि जमिनीवर पडलेलं पान उचलायचं तरी विचारूनच. माल कोणत्या दिवशी येतो हे कर्मचाऱ्यांना नीट विचारलं तर बहुतेक जण सांगतात. ज्या दिवशी ट्रक येतो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाणं सर्वांत फायद्याचं. रोपं रॅकवर जितके दिवस जास्त राहतात तितकी त्यांची मुळं बिघडतात. पावती सांभाळून ठेवा, काही दुकानं ठराविक मुदतीत रोप बदलून देतात.

घरी नेतानाही जपा. थंडीच्या दिवसांत उष्ण प्रदेशातल्या रोपांना 10 अंश सेल्सिअसच्या खालचा वारा थोडा वेळ लागला तरी नुकसानाला पुरतं, आणि काळे डाग मात्र दोन-तीन दिवसांनी उमटतात. उन्हात उभ्या बंद गाडीतही ती तितकीच होरपळतात. दारापाशीच ठेवलेल्या रॅकवरचं रोप हिवाळ्यात शक्यतो टाळा.

घरी आल्यावर बिघडलं तर

पहिल्या आठवड्यात खालचं एखादं पान पिवळं पडलं तर घाबरून पाणी वाढवू नका. उजेड बदलल्यामुळे रोप ते पान सोडतं आहे. पानं लोंबली असतील तर आधी कुंडी उचलून वजन बघा. जड असेल तर पाणी थांबवा आणि मुळं तपासा. हलकी असेल आणि वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली पळत असेल, तर वाळलेलं कोकोपीट पाणी घेत नाहीये. कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवून ठेवा.

कुंडी बदलायची घाई सर्वांनाच असते. मुळं निरोगी असतील तर दोन-तीन आठवडे थांबा, रोपाला आधी नव्या उजेडाची सवय होऊ द्या. अपवाद एकच: आतली गोळी ओलीचिंब असेल किंवा मुळं कुजत असतील तर त्याच दिवशी काढा, गोळी बोटांनी अलगद सोडवा, मऊ मुळं कापा आणि झाडाची साल आणि पर्लाइट (पांढरे हलके खडे) मिसळलेल्या भुसभुशीत मिश्रणात, मुळांच्या आकाराहून किंचितच मोठ्या कुंडीत लावा. हातमोजे घाला. यातल्या अळूच्या कुळातल्या रोपांच्या चिकात अळूसारखेच खाज आणणारे स्फटिक असतात, म्हणून ती लहान मुलं आणि पाळीव प्राण्यांपासूनही लांब ठेवा.

दुरंगी रोपाच्या पांढऱ्या भागावर तपकिरी डाग पडणं बरंचसं स्वाभाविक आहे. तरी ते कमी करायचे असतील तर भरपूर पण गाळलेला उजेड द्या, दुपारचं थेट ऊन नको.

नवीन पानं सलग हिरवी येऊ लागली तर वाट बघत बसू नका, कारण हिरवा शेंडा जोमाने वाढून रंगीत फुटव्यांना मागे टाकतो. खोडावर खाली जात शेवटचं रंगीत पेर शोधा, त्याच्या थोडं वर स्वच्छ पुसलेल्या पातीने काप घ्या. रेघेवर डोळा असेल तर काही आठवड्यांत तो फुगू लागतो. कापलेला हिरवा तुकडा पाण्यात ठेवला तर त्यालाही मुळं फुटतील, पण तो हिरवाच राहील असं धरून चाला.