संस्थेच्या वेबसाइटवर स्पॅम कमेंट आणि खोटी प्रोफाइल येताहेत? बंदोबस्त असा करा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वाचनालयांच्या, साहित्य संघांच्या, पतसंस्थांच्या वेबसाइट बहुधा कुणाच्या तरी पुतण्याने वर्डप्रेसवर करून दिलेल्या असतात. पुतण्या नोकरीला पुण्याला जातो, साइट तशीच चालू राहते आणि वर्षभरात ग्रामीण संमेलनाच्या वृत्तांताखाली ऑनलाइन जुगाराच्या लिंका दिसू लागतात. हे निस्तरायला संगणक अभियंता लागत नाही. साइटचा अ‍ॅडमिन पासवर्ड आणि एक निवांत दुपार पुरते.

आधी हे ध्यानात घ्या की स्पॅम टाकणाऱ्याला तुमच्या वाचकाशी फारसं देणंघेणं नसतं. आपल्या लिंका जागोजागी आहेत हे गूगलला दिसावं, म्हणजे त्याची साइट शोधात वर येते, एवढाच त्याचा हिशेब. हा धंदा मोडायला 2005 साली गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ ही खूण आणली. ती लावलेल्या लिंकला शोधयंत्रं वजन देत नाहीत, असं तेव्हा ठरलं. वर्डप्रेस कमेंटमधल्या लिंकांना ही खूण आपोआप लावतं. तरी स्पॅम थांबलेला नाही, कारण बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरत सुटणारा प्रोग्रॅम, खूण बघत बसत नाही, दिसेल त्या फॉर्ममध्ये मजकूर ओततो.

आधी पाहणी, मग औषध

गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’ लिहून अपूर्णविराम द्या, त्याला चिकटून तुमच्या वेबसाइटचा पत्ता लिहा आणि पुढे जागा सोडून कॅसिनो, लोन असे शब्द एकेक करून टाका. तुमच्याच साइटवरची, तुम्ही कधी न पाहिलेली पानं समोर येतील. ती कमेंटची किंवा प्रोफाइलची असतील तर पुढे वाचा. पण कुणीच न लिहिलेले परभाषेतले लेखच्या लेख निघाले, तर तो स्पॅम नव्हे, साइट हॅक झाली आहे. अशा वेळी पासवर्ड बदला, होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवली आहे त्याला, फोन करा आणि साइट स्वच्छ झाल्यावरच या कामाकडे वळा.

मग एक शीट उघडून आलेल्या प्रत्येक स्पॅमची नोंद करा: तारीख, कोणत्या पानावर, काय नावाने, लिंक कुठे जाते. लिंकवर क्लिक करू नका, माऊस नुसता वर धरला की पत्ता दिसतो. आठवडाभरात चित्र स्पष्ट होतं. बहुतेक मारा चार-दोन जुन्या लेखांवरच होत असतो. मजकूरही ठरावीक असतो. माजी अध्यक्षांच्या निधनाच्या बातमीखाली ‘वा, मस्त पोस्ट! असेच लिहीत राहा’ असं आलं की टाकणाऱ्याने काही वाचलेलं नाही हे उघड आहे. अलीकडे मात्र लेखाच्या विषयाला धरून बऱ्या मराठीत लिहिलेला स्पॅमही येतो. तिथे मजकुरापेक्षा नावाच्या जागी काय आहे आणि लिंक कुठे जाते, हे बघा.

होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘अ‍ॅक्सेस लॉग’ मिळतो, म्हणजे साइटवर कोण कधी आलं आणि काय केलं याची नोंद. त्यात लेखाचं पान न उघडताच थेट कमेंट जमा झाल्याची ओळ दिसली, किंवा पान उघडलं त्याच सेकंदाला चार परिच्छेदांची कमेंट आली असेल, तर तो माणूस नाही.

प्रोफाइलचं दार आधी लावा

कमेंट निदान डोळ्यांपुढे असते. प्रोफाइल स्पॅम महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. बॉट सदस्य म्हणून नोंदणी करतो, ‘माझ्याविषयी’च्या रकान्यात लिंक ठेवतो आणि पुन्हा फिरकत नाही. वाचनालयाच्या साइटला ऑनलाइन सदस्यनोंदणी खरंच हवी आहे का, हे कार्यकारिणीला विचारा. बहुतेक ठिकाणी नको असते. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली कुणालाही नोंदणी करू देणारी खूण असते, ती काढून टाका.

नोंदणी हवीच असेल, तर नव्या सदस्याला मान्यता दिल्यावरच प्रोफाइल दिसेल असं करा, लिंकचा रकाना बंद ठेवा आणि प्रोफाइलची पानं ‘नोइंडेक्स’ करा, म्हणजे शोधयंत्रं ती यादीत घेत नाहीत. पान गूगलमध्ये येणारच नसेल तर लिंक ठेवून त्याचा फायदा शून्य. जुनी खोटी खाती काढताना आधी बॅकअप घ्या. काढलेल्या पानाचा पत्ता मुखपृष्ठाकडे वळवू नका. पान गेलं, हे शोधयंत्राला कळू द्या.

कमेंटची चाळणी, पण आपली माणसं राखून

सेटिंग्जमध्ये ‘डिस्कशन’ उघडा. लिहिणाऱ्याची आधी मंजूर झालेली कमेंट नसेल तर त्याची नवी कमेंट रोखून धरा, ही खूण करा. एका कमेंटमध्ये दोन लिंका असल्या की ती रोखली जाते, तिथे दोनऐवजी एक करा. जुन्या लेखांवरच्या कमेंट ठरावीक दिवसांनी बंद करण्याची सोय आहे, ती चालू करा. एवढ्यानेच बराच उपद्रव कमी होतो.

पुढचं काम जपून करायचं. ‘देवनागरीत नसलेली प्रत्येक कमेंट स्पॅम’ असा नियम बाहेरचा तज्ज्ञ सहज सुचवेल. आपल्याकडे तो चालणार नाही. इथला वाचक मोबाइलवर मराठी रोमन लिपीत लिहितो, शेजारी कन्नडमध्ये लिहितो, कारवारचा पाहुणा कोकणीत. रशियन लिपी रोखायला हरकत नाही, कन्नड रोखाल तर निम्मं गाव बाहेर राहील.

शब्दांच्या यादीतही हाच धोका आहे. वर्डप्रेस दिलेला शब्द मोठ्या शब्दाच्या पोटातही शोधतं. ‘कर्ज’ टाकलंत की कर्जतचा वाचक अडकला. सट्टेबाजीसाठी बी, ई, टी ही तीन रोमन अक्षरं टाकलीत, तर ‘रविवारी खानापूरला यायचा बेत आहे’ हे रोमनमध्ये लिहिणाराही गेला. म्हणून शब्द थेट कचऱ्यात टाकणाऱ्या यादीत न घालता, कमेंट रोखून ठेवणाऱ्या यादीत घाला.

आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर येणाऱ्या यंत्रांचे क्रमांक, बंद करत बसू नका. बॉट पत्ते बदलत राहतात, आणि मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांना देतात, त्यामुळे एका बॉटपायी वीस वाचक बंद व्हायचे.

बसची चित्रं निवडायला लावणारा कॅप्चा मला आवडत नाही. ज्येष्ठ वाचक दोनदा प्रयत्न करून नाद सोडतात. त्यापेक्षा हनीपॉट बरा: माणसाला न दिसणारा रकाना बॉट भरतो आणि पकडला जातो. जोडीला साधा प्रश्न ठेवा, ‘बेळगावची प्रसिद्ध मिठाई कोणती?’ कुंदा हे उत्तर तिन्ही लिप्यांत चालू द्या. पगारावर बसून लिंका टाकणारा माणूस याने थांबणार नाही, आंधळे बॉट थांबतात.

अकिस्मेट हे वर्डप्रेसला जोडायचं प्लगइन 2005 पासून स्पॅम कमेंट ओळखून बाजूला काढण्याचं काम करतं. वैयक्तिक साइटला फुकट मिळतं, व्यावसायिक वापराला पैसे पडतात, तेव्हा पतसंस्थेने ते धरून चालावं. कमेंट तपासणीसाठी त्यांच्या सर्व्हरवर जाते, हे साइटच्या गोपनीयता धोरणात लिहा.

सीमाप्रश्नावर कुणी खालच्या पातळीवर भांडला, तर ती कमेंट काढा, पण ‘स्पॅम’ हे बटण दाबू नका, ‘ट्रॅश’ दाबा. स्पॅमचं बटण अकिस्मेटला शिकवतं, आणि मग तसल्या विषयावरची सभ्य कमेंटही अडकण्याची भीती असते.

कमेंटमधल्या कर्जाच्या किंवा नोकरीच्या लिंकमुळे कुणाचे पैसे गेले असतील, तर ताबडतोब 1930 वर फोन करायला सांगा. हा क्रमांक देशभर चालतो, त्यामुळे फसलेला माणूस चंदगडचा असो की चिक्कोडीचा, फरक पडत नाही. बेळगावात सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं पोलीस ठाणंही आहे. जाताना कमेंटचा स्क्रीनशॉट आणि वर सांगितलेली शीट सोबत न्या. कमेंट पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढायला विसरू नका.

अकिस्मेटने पकडलेला स्पॅम 15 दिवसांनी आपोआप पुसला जातो. त्यात अडकलेली खरी कमेंटही त्याच्याबरोबर जाते. म्हणून आठवड्यातून एकदा ती यादी चाळायचं काम एका ठरावीक माणसाकडे, कन्नड वाचता येणाऱ्याकडे द्या आणि कार्यकारिणीच्या इतिवृत्तात त्याचं नाव लिहून ठेवा.