हँडल नसलेल्या गाडीची बॅटरी बसली तर?

हँडलं काढून, भोकं बुजवून दारं रिमोटवर केली की गाडी दिसते झकास. पण बॅटरी बसली की सोलेनॉइड (दाराचं लॉक विजेवर ओढणारा भाग) गप्प, आपण बाहेर, आणि बॉनेटचा खटका नेमका आत!

म्हणून भोकं बुजवण्याआधीच:

१. बॉनेटच्या लॅचला (बॉनेट अडकवून ठेवणाऱ्या कडीला) दुसरी केबल जोडा. सायकलच्या ब्रेकची चालते.
२. तिचं टोक बंपरच्या आतून खाली आणा, बोटाला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही असं.
३. बॉनेट उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरने लॅच दाबून बंद करा आणि केबल ओढून बघा. सुटलं, तरच बॉनेट लावा.

मग बॅटरी बसलीच, तर ही केबल ओढून बॉनेट उघडा; दुसऱ्या बॅटरीवरून जंप केबल लावली की रिमोट चालू. लॅचची केबल पंखा आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा. बॅटरी डिकीत असेल, तर हीच युक्ती डिकीच्या लॅचला.