खिशातल्या जुन्या घड्याळाच्या केसवर पुन्हा सोन्याचं पाणी चढवावं का?

घड्याळाच्या कडा घासून आतलं पितळ दिसू लागलं की घरात पहिला विचार येतो तो सराफ्यात नेऊन सोन्याचं पाणी चढवून आणायचा. घाई करू नका. केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, कशाची आहे हे कळलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

मागचं झाकण उघडा आणि आतले शिक्के भिंगाखाली वाचा. ९२५, ९३५ किंवा ८०० असेल तर केस चांदीची आहे. ती काळी पडली असली तरी साफ होते, तिला मुलामा लागतच नाही. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी नसतेच, पण तो मिश्रधातू आरपार एकच असल्यामुळे त्यालाही मुलाम्याची गरज नाही. १४ कॅरेटच्या शेजारी २० किंवा २५ वर्षांची हमी कोरलेली असेल, तर ती भरीव सोन्याची केस नव्हे. ती गोल्ड-फिल्ड आहे, म्हणजे पितळासारख्या स्वस्त धातूवर सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला. हा पत्रा आजच्या मुलाम्यापेक्षा कितीतरी जाड असतो, म्हणून अशी केस घासलेलीच राहू द्यावी असं आमचं ठाम मत आहे.

त्याचं कारण बफमध्ये, म्हणजे धातू घासून चकाकवणाऱ्या फिरत्या चाकात आहे. घासलेल्या जागी पितळ आणि उरलेलं सोनं यांच्यामध्ये बारीक पायरी तयार होते, नखाला लागेल इतकी. वरून मुलामा दिला तरी ती पायरी नकाशासारखी दिसत राहते. ती घालवायची तर बफ मारून उरलेला जाड पत्राच कापावा लागतो, आणि त्यासोबत नक्षीच्या धारा, कोरलेली आद्याक्षरं आणि झाकण ‘टक्’ करून बसवणारी कडही जाते. मुलामा झिजलेली धातू भरून काढत नाही.

मग पाणी चढवावं कधी? केस साधी पितळेची असेल, मुळातच पातळ मुलाम्याची असेल, नक्षी नसेल, निम्म्याहून जास्त उघडी पडली असेल आणि घड्याळ रोज वापरायचं असेल तर.

केस देण्याआधी ती पूर्ण रिकामी करून घ्या. मशीन, डायल, काच, चावी सगळं काढलेलं हवं. समोर झाकण असलेल्या केसमध्ये ते उघडणाऱ्या आणि अडकवणाऱ्या पोलादी स्प्रिंगा असतात. त्या आत राहिल्या तर ॲसिड आणि मुलाम्याच्या प्रक्रियेतल्या हायड्रोजनने ठिसूळ होऊन पुढे तुटतात. बिजागरीची पिन निघत असेल तर काढा. तिथे अडकलेलं रसायन काही आठवड्यांनी हिरवट डाग बनून बाहेर येतं. शिशाच्या डाकाने जुनी दुरुस्ती झाली असेल तर ती जागा आधीच दाखवा, कारण तिथे मुलामा फुगतो किंवा काळवंडतो.

कारागिराला चिठ्ठीवर लिहून द्या: नक्षी आणि कडांवर बफ नको, आतली शिक्क्यांची बाजू लाखेने झाकायची, सोन्याखाली निकेलचा थर द्यायचा. निकेल नसेल तर पितळातलं तांबं-जस्त हळूहळू सोन्यात शिरतं आणि रंग मळतो.

जाडी वजनाने तपासता येते. सुमारे ५० मिमी व्यासाच्या केसची बाहेरची बाजू साधारण ५० चौरस सेमी भरते, तिच्यावर १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचं शुद्ध सोनं म्हणजे जवळपास ०.१ ग्रॅम. अडीच मायक्रॉन मागितलं तर वजन पाव ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. हे वजन निकेलनंतर आणि सोन्यानंतर, असं दोनदा करायला सांगा, नाहीतर निकेलचंच वजन सोन्याच्या हिशोबात जाईल. वाढ ०.०५ ग्रॅम असेल तर तो नुसता रंग, खिशात घासून कडांवरून लवकर उतरेल. इंदूरच्या सराफ्यात जात असाल तर हे काम दिवसाच करा. रंग उन्हात पाहायचा असतो, आणि रात्री तिथे दुकानं बंद होऊन खाऊच्या गाड्या लागतात.

घरी मुलामा देऊ नका. सोन्याच्या द्रावणात बहुधा सायनाइड असतं.

केस तशीच ठेवायची ठरली तर रिकामी केस कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, पूर्ण सुकवा आणि उघड्या पितळावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. वरची कडी मात्र दोन्ही बाजूंनी ओढून पाहा. तिची टोकं भोकांत झिजून बारीक झाली असतील तर मुलाम्याने ताकद येत नाही, नवी कडीच बसवावी लागते.