रेटिनाचं ऑपरेशन झालंय आणि जिम सुटत नाहीये? या चुका टाळा

डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, सरकल्याचं ऑपरेशन झालेले जिमवाले डॉक्टरांना हमखास विचारतात, "आता किती किलो उचलू?" हा प्रश्नच चुकीचा आहे. डोळ्याला किलो कळत नाहीत हो, त्याला कळतं तुम्ही श्वास रोखून कुंथलात का आणि डोकं खाली गेलं का. वीस किलोचा बार आरामात, गप्पा मारत उचलणारा एकवेळ परवडला, पण दहाच्या डंबेलला शेवटच्या रेपमध्ये, म्हणजे शेवटच्या वेळी उचलताना, गाल फुगवून लालबुंद होणारा नको.

होतं असं की श्वास कोंडून जोर लावला की छातीतलं प्रेशर वाढतं, डोक्याकडून परत येणारं रक्त शिरांमध्ये तुंबतं आणि त्यासोबत डोळ्याच्या आतलं प्रेशरही चढतं. बेंच प्रेस करताना हे मोजूनही बघितलंय, श्वास रोखला तर वाढ जास्त होते. अशा जोराने कधीकधी धडधाकट माणसाच्याही पडद्यावरची बारीक रक्तवाहिनी फुटते. तुमच्या डोळ्यात तर लेझरने नाहीतर गोठवून नुकतंच चिकटवलेलं काम आहे, आणि तो जोड पक्का व्हायला दोनेक आठवडे तरी लागतात.

दुसरी चूक, मित्राचं वेळापत्रक उचलणं. "त्याने महिन्यात डेडलिफ्ट चालू केला." (म्हणजे वाकून जमिनीवरून वजन उचलणं.) अरे पण त्याचं ऑपरेशन कोणतं होतं? कुणाला डोळ्याभोवती बाहेरून पट्टा बसवलेला असतो म्हणजे बकल, कुणाचा आतला जेलसारखा भाग काढून गॅस भरलेला असतो, कुणाला सिलिकॉन ऑइल, जे सहसा काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनने काढतात. गॅसमध्येही दोन प्रकार, एक साधारण दोन आठवड्यांत जिरतो आणि दुसरा दीड-दोन महिने मुक्काम ठोकतो. म्हणून डिस्चार्ज पेपरवर काय लिहिलंय ते आधी वाचा, आणि डॉक्टरांना "हलका व्यायाम चालेल का" असं मोघम विचारू नका, कारण रोज शंभर किलो मारणाऱ्याचं हलकं आणि डॉक्टरांच्या मनातलं हलकं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. सरळ मोबाईलवर स्क्वॉटचा व्हिडिओ दाखवा आणि विचारा, हे कधी?

पुणेकरांची खास चूक: जिम बंद ना, मग सिंहगड करू! डोळ्यात गॅस असेपर्यंत अजिबात नाही. पुणे साधारण ५६० मीटरवर आणि गडाचा माथा १३०० च्या आसपास, वर हवेचा दाब कमी, त्यामुळे बुडबुडा फुगतो आणि डोळ्याचं प्रेशर वाढतं. विमान बंद असतं ते याच कारणाने. मुंबईत ऑपरेशन करून घाटावर घरी जाणाऱ्यांनीसुद्धा निघण्यापूर्वी विचारून घ्यावं. आणि या काळात दुसरं कसलं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्यांना डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगा, भुलीत वापरतात त्या नायट्रस ऑक्साइड वायूनेही तो फुगतो.

मग घरची कामं. जिमला सुट्टी आणि घरात भरलेला सिलिंडर उचलतोय! आतला गॅसच १४.२ किलो, वर टाकीचं वजन, म्हणजे तीस किलोच्या आसपासचा डेडलिफ्ट झाला की, तोही वाकून आणि श्वास कोंडून. बद्धकोष्ठतेचंही तेच आहे, तिथेही कुंथणंच होतं, त्यामुळे पोट साफ होत नसेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगून औषध घ्या.

डोकं खाली जाणारे प्रकार, म्हणजे डिक्लाइन बेंच आणि शीर्षासन, हेही नकोत. "योगा तर सेफ असतो" म्हणणाऱ्यांनी ऐका, चेन्नईत योग करणाऱ्यांवर मोजमाप झालं होतं आणि शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर जवळपास दुप्पट निघालं. यावर लोकांची शंका असते की डॉक्टरांनीच तर पालथं झोपायला सांगितलेलं! ते वेगळं आहे. तिथे जोर नसतो, गॅसचा बुडबुडा वर तरंगून मागच्या पडद्याला टेकावा म्हणून तोंड खाली ठेवायचं असतं.

परवानगी मिळाल्यावर सुरुवात मशीनवर, बसून, कमी वजनाने करा. रेप मोठ्याने मोजा, "एक... दोन..." असं जोर लावतानाच, म्हणजे श्वास आपोआप बाहेर जातो, आणि आकडा घशात अडकला की समजा वजन जास्त झालं, तिथेच थांबा. फेल्युअरपर्यंत, म्हणजे पुढचा रेप निघतच नाही इथपर्यंत, जायचं नाही. एका डोळ्याला धूसर दिसत असेल तर अंतराचा अंदाज चुकतो, बार रॅकच्या हुकात बसला असं वाटतं आणि बसलेला नसतो, म्हणून शेजारी कुणीतरी उभं हवंच. रबरी बँड तोंडासमोर ताणू नका, सुटला तर थेट डोळ्यावर.

आता काय दिसलं तर घाबरायचं? गॅस कमी होताना पाण्याच्या पातळीसारखी हलणारी रेघ दिसते, शेवटी बुडबुड्याचे दोन-चार तुकडेही होतात, ते नॉर्मल. पण नव्याने वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले, कडेने काळी सावली पुढे यायला लागली, किंवा डोळा ठणकून उलट्या सुरू झाल्या, तर सेट अर्धवट सोडा आणि त्याच दिवशी दाखवा. दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो, तेव्हा रोज एकेक डोळा झाकून बघत जा. शनिवारी रात्री सावली दिसली तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका, इमर्जन्सीत जा, कारण पडदा मधल्या भागापर्यंत सुटायच्या आत पकडला तर नजर वाचण्याची शक्यता खूप जास्त असते.