पिकियाला मिथेनॉल देताना

पिकिया पास्टोरिस या यीस्टमध्ये एओएक्स-१ प्रमोटरच्या (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) ताब्यात ठेवलेले जनुक मिथेनॉल मिळाले की चालू होते आणि ग्लिसरॉल शिल्लक असेपर्यंत बंद राहते, त्यामुळे आधी ग्लिसरॉलवर पेशी वाढवून मगच मिथेनॉलवर प्रथिन काढायचे असते.

बॅचमध्ये, म्हणजे सारे अन्न सुरुवातीलाच घातलेल्या पहिल्या टप्प्यात, लिटरला ४० ग्रॅम ग्लिसरॉल, तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सामू ५ ठेवावा. सामू अमोनियाच्या द्रावणाने राखल्यास पेशींना नायट्रोजनही त्यातूनच मिळतो. साधारण १८ ते २४ तासांनी ग्लिसरॉल संपते आणि तोवर घसरत आलेला विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा एकदम उसळतो, कारण अन्न संपल्याने पेशी ऑक्सिजन कमी वापरतात. घड्याळाकडे न पाहता या उसळीची वाट पाहावी.

त्यानंतर ५० टक्के (लिटरला ५०० ग्रॅम) ग्लिसरॉलचे फीड, म्हणजे पंपाने सतत दिले जाणारे द्रावण, पेशींच्या वाढीच्या गतीने वाढवत न्यावे. एक लिटर माध्यमात २० ग्रॅम कोरडे पेशीवजन आहे, एक ग्रॅम ग्लिसरॉलमागे अर्धा ग्रॅम पेशी तयार होतात आणि वाढीचा दर तासाला ०.१५ ठेवायचा आहे, असे धरले तर सुरुवातीला तासाला १२ मिली आणि चार तासांनी सुमारे २२ मिली फीड लागते. पंप थांबवल्यावर पुन्हा उसळी दिसली, तरी अर्धा तास पेशींना उपाशीच ठेवावे, कारण उरलेले थोडेसे ग्लिसरॉलही प्रमोटर दाबून धरते.

खरी कसोटी मिथेनॉलची आहे, कारण तेच पेशींचे अन्न आहे आणि साचले तर विषही. लिटरमागे १२ मिली सूक्ष्मक्षारांचे द्रावण मिसळलेले मिथेनॉल, माध्यमाच्या दर लिटरला तासाला ३.६ मिली या दराने सुरू करावे. पहिले दोन ते चार तास पेशी सरावत असतात आणि ऑक्सिजनचा आकडा डगमगतो, तेव्हा घाईने दर वाढवू नये. पुढे मधूनमधून पंप बंद करून हातात स्टॉपवॉच घ्यावे. ऑक्सिजन मिनिटभरात १० टक्के चढला, तर दिलेले सारे खाल्ले जात आहे असे समजून दर ७.३ आणि नंतर १०.९ मिलीपर्यंत न्यावा. तो रेंगाळला, तर मिथेनॉल साचते आहे. दर लगेच कमी करावा. ऑक्सिजन २० टक्क्यांखाली जात असेल, तर फीड वाढवण्याआधी हवा व ढवळण्याचा वेग वाढवावा. मिथेनॉलवर उष्णताही बरीच निर्माण होते, म्हणून शीतकरण अपुरे असलेल्या फर्मेंटरमध्ये (पेशी वाढवायच्या टाकीत) हे आकडे गाठण्याचा हट्ट धरू नये.

हे दर मिथेनॉल वेगाने पचवणाऱ्या, म्हणजे मट-प्लस जातींसाठी आहेत. मंद गतीच्या मट-एस जातींना ते जसेच्या तसे लावल्यास मिथेनॉल साचून पेशी मरतात.

पंपावरच्या आकड्यावर विसंबू नये. नळी झिजली की प्रवाह बदलतो, म्हणून मिथेनॉलची बाटली तराजूवर ठेवून दर तासाला घटलेले वजन वहीत लिहावे.