वादळानंतरचे छप्पर आणि पंचनामा: पॅरिशच्या स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

तौक्ते चक्रीवादळ 16 मे 2021 रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले आणि त्यानंतर नेहमीचा पाऊस सुरू व्हायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. मे महिन्यातील वादळानंतर गोव्यात मदतीचे वेळापत्रक पाऊसच ठरवतो. कपडे आणि तांदूळ पहिल्या दोन दिवसांत भरपूर जमतात, पण छपरावर चढू शकणारी माणसे आणि सरकारी अर्ज नीट भरून देणारी माणसे कमी पडतात. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायाच्या, गटाने म्हणूनच आपली शक्ती छप्पर आणि कागद या दोन कामांवर लावावी.

चर्चच्या सभागृहात बैठक घेऊन प्रत्येक वाड्यासाठी दोन जबाबदार व्यक्ती नेमाव्यात आणि त्यांतली एक शक्यतो त्याच वाड्यातली असावी. वाड्यातील सर्व घरे एकाच वहीत नोंदवावीत, मग ती कोणत्याही धर्माची असोत. पंचायतीचे पंच, देवस्थान समिती आणि भजनी मंडळ यांनाही पहिल्याच दिवशी बोलवावे, कारण तसे न झाल्यास एकाच घराला तीन ताडपत्र्या मिळतात आणि रस्त्यापासून आत असलेल्या विधवेच्या घराला एकही मिळत नाही. घरात शिरण्यापूर्वी घरमालकाची परवानगी घ्यावी, देव्हाऱ्यातील किंवा आल्तारावरील वस्तूंना न विचारता हात लावू नये आणि काय ठेवायचे, काय टाकायचे हे कुटुंबानेच ठरवावे. धर्मोपदेशाची ही वेळ नाही. कोणी प्रार्थनेची विनंती केली, तर ती अवश्य करावी.

विजेची खात्री झाल्याशिवाय काम सुरू करू नये. तुटलेली तार जिवंत आहे असेच मानावे, तारेवर पडलेल्या फांदीलाही हात लावू नये आणि 1912 वर तक्रार नोंदवून वीज खात्याच्या कर्मचाऱ्यांची वाट पाहावी. घरातील मुख्य स्विच बंद केला, तरी इन्व्हर्टर असल्यास त्याच्या वाहिनीतून वीज येत राहते, ही गोष्ट उत्साही तरुण हमखास विसरतात. जनरेटर घरात किंवा बाल्कनीत चालवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तारेवर किंवा घरावर कलंडलेला माड अग्निशमन दलाकडे सोपवावा (क्रमांक 101), आणि पडलेले लाकूड मालकाला न विचारता हलवू नये. पालापाचोळा व कौलांचे ढीग उचलताना बूट आणि जाड हातमोजे आवश्यक आहेत, कारण घोणस, फुरसे आणि मण्यार अशाच जागी आसरा घेतात. सर्पदंश झाल्यास वेळ न दवडता 108 वर फोन करावा.

साफसफाईच्या आधी छायाचित्रे घ्यावीत, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत अंगण स्वच्छ झाले, तर नुकसान किती होते हे कुणालाच सांगता येत नाही. घराच्या चारही बाजू, आतून दिसणारे आकाश, मोडलेले वासे व रीपा, भिजलेले धान्य आणि घर क्रमांक दिसेल असे एक दृश्य, एवढी छायाचित्रे पुरेशी आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 ते 2026 या काळातील निकषांनुसार सपाट भागातील पूर्णपणे पडलेल्या घरासाठी 1,20,000 रुपये, तर किमान 15 टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरासाठी 6,500 रुपये अशी मदत ठरलेली आहे. दोन रकमांमधील हा फरक पाहिला की पंचनाम्यात ‘अंशतः’ लिहिले जाते की ‘पूर्ण’, याकडे लक्ष का द्यावे ते समजते. मामलेदार कचेरीत अर्ज देताना आधार, बँकेचे पासबुक, घरपट्टीची पावती आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातील सातबारासारखा नोंदीचा कागद) यांच्या प्रती जोडाव्यात, त्यावर पोच घ्यावी आणि पोच कुटुंबाकडेच ठेवावी.

मुंडकारांच्या घरांत अडचण वेगळी असते. घर त्यांचे आणि जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, त्यामुळे उताऱ्यावर त्यांचे नाव नसते आणि अर्ज अडण्याची भीती राहते. 1975 च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदाराकडे नोंद झालेली असेल, तर तिची प्रत जोडावी. नोंद नसल्यास घरपट्टी, वीजबिल आणि पंचायतीचा रहिवास दाखला एकत्र द्यावा. या वादात चर्चने कोणाची बाजू घेऊ नये, पण अर्ज लिहिण्यास मदत करणे हे काही बाजू घेणे नव्हे.

छपराचे काम अनुभवी सुताराच्या देखरेखीखालीच करावे. मंगळुरी कौलांवर सरळ पाय देऊ नये, शेवाळलेली कौले पाय सरकवतात. वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चालावे आणि वर एका वेळी दोनच माणसे असावीत. न फुटलेली कौले उभी रचून सुरक्षित ठेवावीत, ती पुन्हा वापरता येतात. ताडपत्री आढ्यावरून पलीकडे किमान दोन-तीन फूट न्यावी, म्हणजे पाणी तिच्याखाली शिरत नाही. तिच्या कडा लाकडी रीपेभोवती गुंडाळून स्क्रूने घट्ट कराव्यात. दगड ठेवून ताडपत्री टिकत नाही आणि वाऱ्याने घरंगळलेला दगड माणसाला लागतो. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते पाणी मारून ओले करावेत, तोडू नयेत आणि मास्कशिवाय हाताळू नयेत.

विहिरीत गढूळ पाणी शिरले असल्यास ते आधी उपसावे. नवीन पाणी भरल्यावर आरोग्य केंद्रातून ब्लीचिंग पावडर घ्यावी. साधारण हिशेब असा, की 1,000 लिटर पाण्यासाठी चांगल्या प्रतीची 2.5 ग्रॅम पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या गोल विहिरीत सुमारे 28,000 लिटर पाणी असते, म्हणजे 70 ग्रॅम पावडर. पाणी अजून गढूळ असल्यास प्रमाण आरोग्य कर्मचाऱ्यांकडून ठरवून घ्यावे. पावडर बादलीत कालवून, चुना तळाशी बसल्यावर वरचे पाणी विहिरीत ओतावे, घागरीने ढवळावे आणि किमान एक तास थांबावे. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा धोका असतो. पायावर जखम असलेल्यांनी पाण्यात उतरू नये. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्याव्यात आणि अंगदुखीसह ताप आल्यास डॉक्टरला पाण्यातल्या कामाबद्दल सांगावे.

देणग्यांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवून दर रविवारी सूचनाफलकावर लावावा. कुटुंबाला रोख रक्कम सर्वांसमोर देण्यापेक्षा लाकूड किंवा कौलांचे बिल दुकानात परस्पर भरणे माझ्या मते अधिक सन्मानाचे असते. मोठी रक्कम लागणार असेल, तर कारितास गोवा या महाधर्मप्रांताच्या सामाजिक संस्थेकडे पॅरिशमार्फत विचारणा करावी.

ऊन आणि वाऱ्याने ताडपत्री काही महिन्यांत जीर्ण होते. म्हणून प्रत्येक घरी जुलैमध्ये एकदा आणि चतुर्थीच्या आधी एकदा जाऊन गाठी, कडा व गळती तपासावी, आणि त्याच भेटीत मामलेदार कचेरीतील अर्जाचे काय झाले ते विचारावे. पक्क्या छपराचे काम पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होईल. त्यासाठी सुतारांशी सप्टेंबरमध्येच दिवस ठरवावेत, कारण त्या हंगामात सगळ्या गावाला सुतार हवा असतो.