कॅरमच्या सोंगट्या घेऊन प्रकाशाच्या पटावर नवकंकरी

प्रोजेक्टरवर पारंपरिक खेळ म्हटलं की बहुतेकजण बोटाने सरकवायच्या चित्रातल्या सोंगट्या बनवतात. तसं करू नका. सोंगटी हातात खरीच असावी. पट तेवढा प्रकाशाचा. कॅमेऱ्याने सोंगट्या कुठे आहेत ते वाचायचं आणि प्रोजेक्टरने त्याप्रमाणे पट उजळायचा. सुरुवातीला नवकंकरी घ्यावी (एकात एक तीन चौकोनांच्या पटावर आपल्या तीन सोंगट्या एका रेषेत आणून प्रतिस्पर्ध्याची एक उचलायची, असा दोघांचा खेळ), कारण तिच्यात बिंदू २४च असतात, फासे नसतात आणि प्रत्येकी ९ सोंगट्या लागतात. कॅरमच्या डब्यात नेमक्या ९ काळ्या आणि ९ पांढऱ्या मिळतात, वर एक राणी. या सोंगट्या चपट्या आणि साधारण ३ सेंटीमीटर व्यासाच्या असल्याने कॅमेऱ्याला सोयीच्या पडतात.

काय लागेल

प्रोजेक्टर, हाताने एक्स्पोजर (एका फोटोसाठी प्रकाश घ्यायचा वेळ) ठरवता येईल असा यूएसबी वेबकॅम, पायथन आणि ओपनसीव्ही (कॅमेऱ्याची चित्रं वाचायला पायथनला मदत करणारा प्रोग्रामसंच) चालणारा लॅपटॉप, आणि ६० सेंटीमीटर चौरस खेळ मावेल असा मॅट राखाडी कार्डशीटचा पृष्ठभाग. शीट राखाडीच घ्या. पांढऱ्या शीटवर कॅरमची पांढरी सोंगटी कॅमेऱ्याला दिसत नाही. राखाडीवर काळी गडद दिसते आणि पांढरी उजळ. सोंगट्यांना चकाकणारं पॉलिश असेल तर बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवा, नाहीतर काळ्या सोंगटीवरची चमक पांढरी म्हणून वाचली जाते.

प्रोजेक्टर घेताना 'फुल एचडी सपोर्ट' या शब्दांवर जाऊ नका, मूळ रिझोल्यूशन विचारा. चित्राची उंची ६० सेंटीमीटर ठेवली तर १६:९ प्रमाणात रुंदी सुमारे १०७ सेंटीमीटर होते. १०८० ओळींच्या प्रोजेक्टरवर दर सेंटीमीटरला १८ पिक्सेल मिळतात, ७२० ओळींच्या प्रोजेक्टरवर १२, दोन्ही चालतात. थ्रो रेशो (पटापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर प्रोजेक्टर पटापासून १६० सेंटीमीटरवर हवा, ०.५ असेल तर ५३वर. एवढ्या क्षेत्रावर ५०० अँसी ल्युमेन (प्रोजेक्टरच्या एकूण प्रकाशाचं माप) म्हणजे जवळपास ७८० लक्स (दर चौरस मीटरला पडणारा प्रकाश). पडदे ओढलेल्या खोलीत तेवढे पुरतात.

टांगणी

खेळाडू समोरासमोर बसतात, म्हणून प्रोजेक्टर रिकाम्या तिसऱ्या बाजूकडे २०-३० सेंटीमीटर सरकवून लावा. बरोबर डोक्यावर लावला तर वाकणाऱ्याच्या डोक्याची सावली थेट पटावर पडते. सीलिंग फॅनच्या हुकाला किंवा त्याच्या आसपास काहीही टांगू नका. थरथरीने जुळणी सुटते आणि पात्यांची सावली येते. खेळताना टेबलफॅन लावा. क्लॅम्प कितीही घट्ट वाटला तरी प्रोजेक्टरला वेगळी तार बांधाच, खाली मुलं बसणार आहेत. काही दिव्याचे प्रोजेक्टर तोंड खाली करून चालवायचे नसतात, तेव्हा माहितीपुस्तिका आधी बघा. तसं असेल तर प्रोजेक्टर आडवा ठेवून ४५ अंशांत आरसा लावा. घरचा आरसा मात्र दुहेरी प्रतिमा देतो, कारण काचेचा वरचा थरही प्रकाश परतवतो. पुढच्या पृष्ठभागावर लेप असलेला आरसा घ्या आणि प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चित्र आरशातल्यासारखं उलटं करा.

ऑटो कीस्टोन (तिरकं चित्र आपोआप सरळ करणं) आणि ऑटोफोकस बंद करा. प्रोजेक्टर मधेच स्वतःला 'दुरुस्त' करून घेतो आणि केलेली सगळी जुळणी वाया जाते.

कॅमेरा प्रोजेक्टरशेजारीच, शक्य तितका पटाच्या मध्याच्या वर लावा. १६० सेंटीमीटर उंचीवरच्या कॅमेऱ्याच्या बरोबर खालच्या जागेपासून ४० सेंटीमीटर दूर असलेली २ सेंटीमीटर उंच सोंगटी अर्धा सेंटीमीटर सरकलेली दिसते. कॅरमची सोंगटी सेंटीमीटरपेक्षाही पातळ असल्याने हा दोष नगण्य राहतो.

जुळणी

पटाचं चित्र १०८० × १०८० पिक्सेलचं धरा, केंद्र (५४०, ५४०). तीन चौकोनांच्या अर्ध्या बाजू ४८६, ३२४ आणि १६२ पिक्सेल, म्हणजे २७, १८ आणि ९ सेंटीमीटर. प्रत्येक चौकोनाचे ४ कोपरे आणि ४ मध्यबिंदू मिळून २४ बिंदू होतात. एका रेषेत तीन येण्याच्या जागा १६: तीन चौकोनांच्या १२ बाजू आणि मधल्या ४ जोडरेषा.

आधी प्रोजेक्टरचं तिरकेपण काढा. शीटवर पेन्सिलने ६० सेंटीमीटरचा चौकोन आखा, चित्राचे चार कोपरे माउसने त्यावर ओढून बसवा आणि त्यातून मिळालेली होमोग्राफी (एका सपाट चित्रातला बिंदू दुसऱ्यात कुठे येतो ते सांगणारं गणित) जतन करा. मग कॅमेरा. चारही कोपऱ्यांत सुमारे १५० पिक्सेलचे चार आरुको मार्कर (कॅमेऱ्याला ओळखता येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा) त्याच सरळ केलेल्या चित्रातून दाखवा, प्रत्येकाभोवती उजळ कडा सोडा. कॅमेऱ्यात ते सापडले की पटाचे पिक्सेल आणि कॅमेऱ्याचे पिक्सेल यांच्यातली दुसरी होमोग्राफी मिळते. पृष्ठभाग सपाट असल्यामुळे टेपने काही मोजावं लागत नाही. शीटला फुगवटा असेल तर मात्र मधले बिंदू चुकतात. चारही कडा चिकटवून टाका.

सोंगट्या वाचणं

खरी अडचण इथे येते. कॅमेऱ्याला सोंगटीवर पडलेलं प्रोजेक्टरचं चित्रही दिसतं. काळ्या सोंगटीवर पिवळी रेष पडली की ती वेगळीच भासते. उपाय सोपा: चाल झाली की क्षणभर पटाऐवजी पूर्ण एकाच रंगाची चौकट दाखवा, तेवढ्यात फोटो घ्या, पट परत आणा. ही चौकट शुभ्र नको, कॅमेरा दिपतो. २५५ पैकी १३०च्या आसपासचा करडा रंग ठेवा. मार्करची उजळ बाजूही तेवढीच.

ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप बदलणं) आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बंद. एक्स्पोजर १/२० सेकंद ठेवा. ६० हर्ट्झच्या प्रोजेक्टरच्या यात बरोबर ३ फ्रेम बसतात आणि घरच्या विजेच्या १०० हर्ट्झ झगमगीची ५ आवर्तनं, त्यामुळे चित्रात आडवे पट्टे येत नाहीत. त्यासाठी वेबकॅम १५ फ्रेमवर चालवा, ३० फ्रेमवर एवढं लांब एक्स्पोजर मिळत नाही. चौकट दाखवल्यावर लगेच आलेला फोटो घेऊ नका: ओपनसीव्ही जुन्या फ्रेम साठवून ठेवतं. ५ फ्रेम टाकून सहावी घ्या. 'कधी बरोबर, कधी एक चाल मागे' असं वाचन येत असेल तर दोष बहुधा इथेच असतो.

खेळ सुरू होण्याआधी रिकाम्या पटाचा एक फोटो जतन करा. मग प्रत्येक बिंदूभोवती १५ पिक्सेल त्रिज्येत सरासरी उजेड मोजा आणि रिकाम्या फोटोतल्या आकड्याने भागा. ०.६पेक्षा कमी आला तर काळी, १.२५पेक्षा जास्त आला तर पांढरी, मधला आला तर जागा रिकामी. ठरावीक आकड्याऐवजी गुणोत्तर वापरल्याने पटाच्या कडेला पडणारा मंद प्रकाश फसवत नाही. आपल्या सोंगट्यांवर हे दोन आकडे आधी तपासून थोडे हलवा.

चाल आणि नियम

सुरुवातीला चाल झाल्याची खूण म्हणून स्पेसबार ठेवा. नंतर राणी वापरा. चौरस पटाच्या दोन्ही बाजूंना सुमारे २३ सेंटीमीटर जागा उरते, तिथे कायम करडं राहणारं वर्तुळ दाखवा आणि त्यात लाल राणी अर्धा सेकंद स्थिर दिसली की चाल पक्की माना. वेळेची अट नसेल तर वरून जाणारा हातही लाल वाटतो.

मागची आणि नवी स्थिती ताडून बघा. मांडणीच्या टप्प्यात बरोबर एक सोंगटी वाढली पाहिजे, नंतरच्या टप्प्यात एक जागा रिकामी होऊन शेजारची भरली पाहिजे. तसं नसेल तर बदललेल्या बिंदूंभोवती लाल कडं दाखवा आणि थांबा. आपणहून काही दुरुस्त करू नका. एका रेषेत तीन आल्या की ती रेष उजळा आणि प्रतिस्पर्ध्याच्या उचलता येतील अशाच सोंगट्यांभोवती कडी दाखवा. तीनच सोंगट्या उरल्यावर कुठेही उडी घेता येते की नाही, हे घरोघर वेगळं असतं. तो पर्याय खेळाआधी विचारा, प्रोग्राममध्ये एकच नियम कोरून ठेवू नका.

गडावर किंवा देवळाच्या ओट्यावर दगडात कोरलेला पट दिसला तर शेजारी मोजपट्टी ठेवून वरून फोटो घ्या. पटावर खडू किंवा पाणी लावू नका. तीच चार कोपऱ्यांची पद्धत वापरून फोटो सरळ करा आणि मूळ मापात शीटवर पाडा. बिंदूंच्या जागा बदलल्या की बाकी प्रोग्राम तोच राहतो.

सारीपाट पुढच्या पायरीला घ्या. त्यात ९६ घरं, चार रंगांच्या १६ सोंगट्या आणि एका घरात एकाहून जास्त सोंगट्या, म्हणून नुसता उजेड मोजून भागत नाही, रंग ओळखावा लागतो. कवड्यांचं दान कॅमेऱ्याने वाचायचा हट्ट धरू नका. कवडीच्या दोन्ही बाजू फिकट असल्याने चुका फार होतात. पडलेलं दान कीबोर्डवरून द्या आणि त्या दानात कोणती सोंगटी कुठवर जाईल तेवढं पटावर उजळून दाखवा.